‘ते आमच्या हातात नाही भाऊ’: बाजारवादी विचार नागपूरच्या राजकारणात कुठून शिरला ते स्वतः कसं शोधायचं

नवउदारमतवाद, म्हणजे सरकारनी मागं व्हावं आणि जमेल तेवढं बाजारावर सोडावं हा विचार, हा शब्द काढला की अर्धे लोक चहाचे पैसे देऊन निघून जातात आणि उरलेले अर्धे म्हणतात ‘म्हणजे मोदी ना’ किंवा ‘म्हणजे मनमोहन सिंग ना’. दोन्ही उत्तरांनी काही हाती लागत नाही, कारण हा विचार कोणत्याच एका पक्षाचा नाही, तो सगळ्यांच्या तोंडात आहे आणि बहुतेकांना तो विचार आहे हेच माहीत नाही, त्यांना वाटतं हे आपलं व्यवहारज्ञान आहे. म्हणून खाली पद्धत देऊन राहिलो, कॉलेजच्या पोट्ट्यांना प्रोजेक्टला चालेल, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडणाऱ्यांना तर फारच. सामान जास्त लागत नाही. घरातलं विजेचं बिल, एक वही, आणि राजकारणावर तावातावानं बोलणारा एखादा नातेवाईक. तो तर प्रत्येकाकडेच असतो.

आधी पक्ष सोडा, वाक्य पकडा

सर्वात पहिलं काम म्हणजे ‘अमुक नेता नवउदारमतवादी आहे का’ हा प्रश्न टाकून द्यायचा. त्यातून नुसती भांडणं होतात. त्याऐवजी आठवडाभर वाक्यं गोळा करा. बर्डीवरच्या टपरीवर, ऑटोत, पेपरच्या संपादकीय पानावर, प्रचारसभेत, लग्नाच्या पंगतीत, जिथं ऐकाल तिथं. ‘सरकारनी धंदा करू नये.’ ‘फुकट द्यायची सवय लावली लोकांना.’ ‘ज्याला सोय पाहिजे त्यानी पैसे मोजावे.’ ‘खासगी केलं की सुधारते.’ ‘दुसरा काही इलाजच नाही.’ आणि माझं सर्वात आवडतं, जे नगरसेवकापासून मंत्र्यापर्यंत सगळे म्हणतात, ‘ते आमच्या हातात नाही भाऊ.’

वाक्य जसंच्या तसं लिहा, कोणी म्हटलं आणि कशावरून विषय निघाला तेही लिहा. एक सांगतो, ही वाक्यं बोलणाऱ्यांमध्ये तुम्हाला काँग्रेसवाले सापडतील, भाजपवाले सापडतील, कोणत्याच पक्षाचे नसलेले दुकानदार सापडतील आणि आयुष्यभर सरकारी नोकरी करून रिटायर झालेले काकाही सापडतील. ते काका तर सगळ्यात जोरात.

मग वाक्याचे तीन तुकडे करा

समजा वाक्य असं आहे, ‘महावितरण तोट्यात आहे, देऊन टाका कंपनीला, चोरी करणाऱ्यांचं बिल आपण काऊन भरायचं?’ यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एका दमात आल्या. तोटा आहे ही माहिती झाली, ती खरी का खोटी ते तपासता येतं. कंपनीला द्या हा उपाय झाला, तो कुठं चालला कुठं फसला हेही बघता येतं. आणि चोराचं बिल आपण का भरायचं हा न्यायाचा मुद्दा झाला.

लोक हलतात ते तिसऱ्या तुकड्यावर. अर्थशास्त्राच्या आकड्यांनी कोणाचं मत बदललेलं मी तरी पाहिलं नाही, पण ‘मी प्रामाणिकपणे भरतो आणि तो फुकट्या मजा मारते’ हे ऐकलं की माणूस लगेच मान डोलावतो. आणि ही भावना खोटी नसते, नियमानं बिल भरणाऱ्याला राग येणारच. फक्त गंमत अशी की पहिल्या तुकड्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली की मधला उपाय तपासायचा राहून जाते, आणि मग तो उपाय आपोआप मान्य झाल्यासारखा होते. वहीत तिन्ही तुकडे वेगळ्या ओळीत लिहा. एवढं जरी केलं तरी निम्मं काम झालं.

वाक्याचं मूळ गाव शोधा

आता थोडा इतिहास लागेल. फार नाही, पण हा नसला तर बाकी पद्धत लंगडी पडते.

एप्रिल १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉं पेलेरॅं नावाच्या डोंगरावरच्या हॉटेलात अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेक यांनी काही अर्थतज्ज्ञ आणि विचारवंत जमवले, मिल्टन फ्रीडमन होते, लुडविग फॉन मिसेस होते, तत्त्वज्ञ कार्ल पॉपर होते. दुसरं महायुद्ध संपलेलं, सगळीकडे सरकारी नियोजनाची चलती, आणि बाजार-स्पर्धा-खासगी मालमत्ता यांची बाजू घेणारे हे लोक तेव्हा पार कोपऱ्यात होते. ते एकमताचे होते असंही समजू नका. फ्रीडमननी नंतर सांगितलेला किस्सा आहे, उत्पन्नाच्या वाटपावर चर्चा चालू असताना मिसेस भडकले आणि ‘तुम्ही सगळे समाजवादी आहात’ म्हणून तरातरा बाहेर निघून गेले. फ्रीडमन आणि हायेकला समाजवादी म्हणणारा माणूस, म्हणजे बघा.

पण आपल्या कामाची खरी गोष्ट पुढची आहे. अँटनी फिशर नावाचा एक इंग्रज, त्यानी १९४५ ला हायेकच्या पुस्तकाची रीडर्स डायजेस्टमधली संक्षिप्त आवृत्ती वाचली आणि थेट हायेकला भेटायला गेला, म्हणे मी राजकारणात उतरतो. हायेकनी सांगितलं, राजकारणात वेळ घालवू नको, आधी मास्तर, पत्रकार, लेखक यांच्यापर्यंत विचार पोचव, राजकारणी त्यांच्या मागून येतात. फिशरनी मग कोंबड्यांच्या धंद्यात पैसा केला आणि १९५५ मध्ये लंडनला इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स ही संस्था काढली. छोट्या पुस्तिका, सोपी भाषा, वीस-पंचवीस वर्षांची चिकाटी. १९७९ ला मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या तेव्हा ‘दुसरा पर्याय नाही’ म्हणायची जमीन आधीच नांगरून ठेवलेली होती. १९८१ ला रेगननी पहिल्याच भाषणात सांगितलं की या संकटात सरकार हे उत्तर नाही, सरकार हीच अडचण आहे. तुमच्या वहीतल्या पहिल्या वाक्याचे हे काका-मामा.

आणि आपल्याकडे? इथं बहुतेक लोक थेट १९९१ वर उडी मारतात, ते चुकीचं आहे. मुंबईत १९५६ लाच ए. डी. श्रॉफ यांनी फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढलं होतं, तीच पुस्तिकांची पद्धत, पुढे नानी पालखीवालांची बजेटवरची भाषणं ऐकायला स्टेडियम भरायचं. आणि नागपूरचा तर यात थेट हात आहे, भले उलट बाजूनी. जानेवारी १९५९ ला काँग्रेसचं अधिवेशन आपल्या इथं झालं, त्यात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला, तोच तो ‘नागपूर ठराव’. चरणसिंगांनी इथंच त्याला विरोध केला. जमीन सरकारच्या ताब्यात जाईल ही भीती पसरली आणि त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, प्रा. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. लायसन्स-परमिट राज हा राजाजींचा शब्द. १९६७ ला हा पक्ष लोकसभेत ४४ जागा घेऊन सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला होता. म्हणजे १९९१ च्या चोवीस वर्ष आधी बाजारवादी विचार मतं घेऊन राहिला होता या देशात, आयएमएफनी (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनी) येऊन शिकवलं नाही.

१९९१ चंही नागपूर कनेक्शन आहे, रामटेकवाल्यांना माहीतच असेल. पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ ला रामटेकमधून खासदार होते. परकीय चलन आटलं, जुलैच्या पहिल्याच आठवड्यात दोन टप्प्यात रुपयाचं अवमूल्यन झालं, रिझर्व्ह बँकेनी सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवलं आणि २४ जुलैला मनमोहन सिंगांचं बजेट आलं. हे सगळं लोकांनी मागितलं होतं का? १९९६ च्या निवडणुकीच्या वेळी सीएसडीएस या संशोधन संस्थेनी मतदारांना विचारलं तर जेमतेम पाचातल्या एकाला आर्थिक सुधारणा झाल्याचं ठाऊक होतं. पाच वर्ष झाली होती तोवर! धोरण आधी बदललं, लोकांचं मत मागून बदललं, हे लिहून ठेवा कारण आपण सहसा उलटं समजतो.

विदर्भात राहून शेतकरी संघटना विसरून चालणार नाही. शरद जोशींनी ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत लाखो शेतकरी रस्त्यावर आणले आणि सांगितलं की सरकार भाव पाडते, सरकार बाजूला होऊ द्या. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासून होती, राज्यातला कापूस राज्याबाहेर न्यायची बंदी, शेजारच्या राज्यात भाव चांगला असला तरी सीमेवर गाडी अडवायचे. अशा शेतकऱ्याला ‘बाजार मोकळा करा’ हे वाक्य श्रीमंतांचं वाटत नव्हतं, स्वतःच्या सुटकेचं वाटत होतं. शेतमालाचा व्यापार जगासाठी मोकळा करायच्या डंकेल प्रस्तावाला देशातल्या बहुतेक शेतकरी नेत्यांनी विरोध केला तेव्हा जोशी त्याच्या बाजूनी उभे राहिले. २०१९ ला अकोट तालुक्यात बंदी असलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं ते याच संघटनेनी. तुम्हाला पटो ना पटो, पण हे पान वहीत नसलं तर विदर्भातलं जनमत तुम्हाला कळणार नाही.

आता बिल काढा

इथं जरा थांबा, कारण हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विचाराचा प्रभाव भाषणात शोधू नका, निर्णय कुठून कुठे सरकला ते शोधा.

महावितरणचं बिल पलटवून बघा. स्थिर आकार, वीज आकार, मग ‘वहन आकार’ अशी ओळ दिसेल, पुढे इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. वहन आकार म्हणजे तारेवरून वीज वाहून आणायचं भाडं, युनिटमागे वेगळं. जुन्या एमएसईबीच्या (राज्य वीज मंडळाच्या) काळात वीज म्हणजे वीज, तारेचं वेगळं भाडं कोण सांगत होतं? वीज बनवणं वेगळा धंदा, तारा वेगळा धंदा, विकणं वेगळा धंदा, म्हणजे जिथं जमेल तिथं स्पर्धा आणता येईल, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा कायद्यात आली ती चिलीमध्ये, १९८२ ला, पिनोचेटच्या लष्करी राजवटीत, शिकागोत शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांच्या काळात. मग १९९० ला ब्रिटन. भारतात जागतिक बँकेच्या मदतीनी १९९६ ला ओडिशा. मग केंद्राचा वीज कायदा २००३, आणि २००५ ला आपल्या एमएसईबीचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर एक होल्डिंग कंपनी. चिलीच्या राजधानीहून, सॅन्तियागोहून, नागपूरच्या महालापर्यंतचा प्रवास तुमच्या बिलाच्या एका ओळीत बसलेला आहे आणि त्यावर कोणत्याही निवडणुकीत कोणी मत मागितलेलं नाही.

पुढचा प्रश्न, दर कोण ठरवते? मंत्री नाही. राज्य वीज नियामक आयोग ठरवते. आता तुम्ही आमदाराकडे दरवाढीची तक्रार घेऊन गेलात तर तो म्हणेल आयोगाकडे जा, आमच्या हातात नाही, आणि तांत्रिकदृष्ट्या तो खरं बोलत असतो. नवउदारमतवाद म्हणजे सरकार लहान करणं असं जे सगळीकडे सांगतात ते मला अर्धवट वाटतं. सरकार फारसं लहान होत नाही, पण निवडून आलेल्या माणसाचे हात बांधले जातात. दर आयोग ठरवते, तुटीची मर्यादा २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यानी बांधलेली, व्याजदर रिझर्व्ह बँकेची चलनविषयक समिती ठरवते. हे सगळं वाईटच आहे असं नाही म्हणत मी. मतांसाठी दर गोठवून ठेवले आणि वीजमंडळ बुडवलं हेही आपण पाहिलंय, आणि आयोगामुळेच सामान्य ग्राहकाला जाहीर सुनावणीत उभं राहून बोलता येते जे मंत्रालयाच्या बंद खोलीत शक्य नव्हतं. पण निर्णय सरकला हे खरं, आणि तो सरकला की त्यावरचं राजकारण गप्प होते.

नागपुरातली दोन उदाहरणं घ्या. मे २०११ मध्ये महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांची वीज वितरण फ्रँचायझी खासगी कंपनीला दिली गेली. त्या काळात वीजगळती कमी झाली. बिलांवरून, मीटरवरून आंदोलनंही झाली. शेवटी कंपनीनी आर्थिक अडचण सांगितली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये महावितरणनी कारभार परत घेतला. वहीत दोन्ही गोष्टी लिहायच्या, गळती कमी झाली हे सुद्धा आणि जोखीम शेवटी कोणाच्या अंगावर आली हे सुद्धा. खासगीकरणाचं कोणतंही उदाहरण तपासताना हा एक प्रश्न हमखास विचारा, नफा झाला तर कोणाचा हे करारात असतेच, तोटा झाला तर कोणाचा?

दुसरं पाण्याचं. २०१२ पासून अख्ख्या शहराचा पाणीपुरवठा चालवायचं काम २५ वर्षांच्या करारावर खासगी ऑपरेटरकडे आहे, चोवीस तास पाणी हे उद्दिष्ट. मालकी महापालिकेचीच. पण २००९ च्या उपविधींमध्ये पाणीदर दरवर्षी पाच टक्क्यांपर्यंत वाढवायची सोय करून ठेवलेली आहे. म्हणजे दरवर्षी सभागृहात हात वर करून दरवाढ मंजूर करायची पाळीच कोणावर येत नाही. तुमच्या वॉर्डातल्या कोणत्याही इच्छुकाला विचारा, ही सोय काढणार का ठेवणार? उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

पेन्शनचा धागा ओढा

एखादा मुद्दा राजकारणातून गायब होतो तसा परतही येतो, आणि ते बघायचं असेल तर पेन्शनइतकं चांगलं उदाहरण नाही.

१९८१ ला चिलीनी सरकारी पेन्शन बंद करून प्रत्येकाचं वेगळं खातं सुरू केलं, पैसे खासगी कंपन्या बाजारात गुंतवणार, म्हातारपणी जे जमेल ते तुमचं. लष्कराला मात्र जुनीच पेन्शन ठेवली. १९९४ ला जागतिक बँकेनी स्वतंत्र खात्यांची कल्पना जगभर उचलून धरली. आपल्याकडे वाजपेयी सरकारनी १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या भरतीसाठी हमीच्या जुन्या पेन्शनच्या जागी अशीच खात्यावरची नवी पेन्शन आणली, आणि इथंही सैन्यदलं वगळली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून, तेव्हा सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. त्यासाठीचा पेन्शन नियामक प्राधिकरणाचा कायदा २०१३ ला झाला, यूपीएच्या काळात, भाजपच्या पाठिंब्यानी. पश्चिम बंगालनी तेवढी जुनी पेन्शन ठेवली.

बघा, २००५ ला मोर्चे निघाले नाहीत, कारण जे नोकरीत होते त्यांचं काही जात नव्हतं आणि ज्यांचं जाणार होतं ते अजून नोकरीला लागले नव्हते. ही युक्ती ओळखायला शिका, जिथं जिथं ‘यापुढे नव्याने लागणाऱ्यांसाठी’ असं लिहिलेलं असते तिथं तिथं ती असते. मग पंधरा-सतरा वर्षांनी तेच नव्यानं लागलेले बहुसंख्य झाले. डिसेंबर २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात, इथंच, देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन देता येणार नाही, १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, असं सभागृहात सांगितलं. बाहेर ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेल्या टोप्या घालून कर्मचारी उभे. महिन्या-सव्वा महिन्यात नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक झाली आणि भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार हरले, सुधाकर अडबाले निवडून आले. मार्च २०२३ ला राज्यभर संप. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानी हमी असलेली युनिफाइड पेन्शन योजना जाहीर केली आणि राज्यानी लगेच ती उचलली. जे ‘शक्यच नाही’ होतं त्याला दीड-दोन वर्षात निम्मा रस्ता सापडला. त्यामुळे वहीतल्या ‘दुसरा इलाजच नाही’ या वाक्यासमोर हा सगळा क्रम तारखांसहित लिहून ठेवा.

आता आमच्या ओळखीतले एक रिटायर काका, वीजमंडळातून निवृत्त, म्हणतात, ‘सगळं विकून टाकलं पाहिजे बे, सरकारी माणूस काम करत नाही.’ म्हटलं काका, तुम्ही किती वर्ष केलं? ‘चौतीस वर्ष. आमच्या वेळचं वेगळं होतं.’ हसू नका, यात खूप माल आहे. त्यांनी आतून ढिसाळपणा पाहिलेला आहे, ते खोटं नाही बोलत. पण त्यांच्या पोराला कंत्राटावर बारा हजारात राबताना पाहून जो राग येतो तो ते कंत्राटदारावर काढत नाहीत, ‘आरामात बसलेल्या’ पर्मनंट लोकांवर काढतात. का, ते त्यांनाच विचारा. शांतपणे विचारलं तर लोक सांगतात.

जनमत मोजायचा घरगुती प्रयोग

एकच गोष्ट दोन पद्धतीनी विचारा. घरच्या ग्रुपवर विचारा, ‘फुकट योजना बंद कराव्या का?’ चार दिवसांनी, दुसऱ्या ग्रुपवर, ‘शेतमजूर बाईला महिन्याला सरकारनी काही मदत द्यावी का?’ दोन्हीकडे हो म्हणणारे कितीतरी निघतात. अमेरिकेत तर दशकानुदशकं चालणाऱ्या सर्व्हेत हे दिसलेलं आहे, ‘वेल्फेअर’वर जास्त खर्च होतो म्हणणारे भरपूर, तोच प्रश्न ‘गरिबांना मदत’ म्हणून विचारला की ते एकदम कमी होतात.

मग तिसरा प्रश्न टाका. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रानी कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, आणि सरकारच्याच अंदाजानी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडलं. ही रेवडी का गुंतवणुकीला प्रोत्साहन? ग्रुपवर शांतता पसरेल किंवा कोणी तरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकेल. तुमचं मत काहीही असो, कोणत्या पैशाला लोक खर्च म्हणतात आणि कोणत्या पैशाला म्हणत नाहीत हे पाहिलं की जनमत घडलेलं दिसते.

जुलै २०२२ ला पंतप्रधानांनी रेवडी संस्कृतीवर टीका केली आणि २०२४ ला राज्यात त्यांच्याच युतीनी लाडकी बहीण आणली, महिन्याला १५०० रुपये. यात दुटप्पीपणा शोधून खूश होऊ नका, विरोधकांनी तर त्याहून जास्त रकमेचं आश्वासन दिलं होतं. मला त्यात वेगळंच दिसते. शाळा, दवाखाना, पक्की नोकरी यांच्या जागी खात्यात थेट रक्कम, आणि मग त्या रकमेतून सेवा तुम्ही बाजारातून विकत घ्या. फ्रीडमनसुद्धा गरिबांना सरळ रोख द्या म्हणायचे. त्यामुळे ‘पैसे वाटले म्हणजे समाजवाद’ असं लगेच लिहू नका वहीत.

कुठं हा शब्द लावायचा नाही

प्रत्येक वाईट गोष्ट नवउदारमतवाद नसते. टेंडरमध्ये सेटिंग झाली तर ती सेटिंग आहे, हायेकचा त्यात काही दोष नाही, उलट तो चिडला असता. मेट्रो केंद्र आणि राज्य यांच्या बरोबरीच्या मालकीच्या सरकारी कंपनीनी बांधली, तिलाही हा शब्द लागत नाही. उजवं म्हणजे बाजारवादी हेही समीकरण इथं चालत नाही, स्वदेशी जागरण मंच नोव्हेंबर १९९१ मध्ये नागपुरातच सुरू झाला, आणि आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी डंकेलच्या विरोधात डाव्यांइतकेच कडक बोलायचे. डाव्या आघाडीनी बंगालमध्ये सिंगूर-नंदीग्राम केलं, म्हणजे उद्योगांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायला निघाले. २००५ या एकाच वर्षात यूपीए सरकारनी सेझचा (विशेष आर्थिक क्षेत्रांचा) कायदाही केला, ज्यात पुढे आपलं मिहान आलं, आणि रोजगार हमीचा कायदाही, जी मुळात महाराष्ट्राची १९७२ च्या दुष्काळातली कल्पना.

आणि १९४७ मध्ये हायेक आणि मंडळी डोंगरावर जमली होती त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा, शेती सरकारच्या मालकीचे करा आणि हे संविधानातच लिहा, म्हणजे बहुमत बदललं तरी हलणार नाही, असं सुचवलं होतं. हे मुद्दाम सांगतो कारण निर्णय निवडणुकीच्या आवाक्याबाहेर ठेवायची इच्छा फक्त बाजारवाल्यांची असते असा समज होऊ नये. दीक्षाभूमीच्या शहरात हा मुद्दा चर्चेत फार कमी येतो, का येत नाही हाही एक प्रोजेक्ट होईल कोणाचा तरी.

जुन्या काळाचं गोड गाणं पण गाऊ नका. बजाज चेतकला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारे, फोनसाठी खासदाराची चिठ्ठी आणणारे लोक अजून जिवंत आहेत, धरमपेठेत, महालात, कुठंही विचारा. किमतीत विखुरलेली माहिती असते आणि ती एका ऑफिसात बसलेल्या साहेबाला कधीच सगळी कळत नाही, हे हायेकचं म्हणणं मला आजही बिनतोड वाटते, कळमन्याला संत्र्याच्या लिलावात एक सकाळ उभं राहा, पटेल. पण २०१६ ला फळं-भाजी बाजार समितीच्या बंधनातून मोकळी केली त्यानंतर लहान बागवाल्याच्या हातात किती जास्त पडले हे त्याला विचारल्याशिवाय वाक्य पूर्ण करू नका.

वही भरली की काय करायचं

एका वाक्याला दोन पानं पुरतात. वर वाक्य, खाली तीन तुकडे, मग मूळ गाव, मग इथं ते कोणत्या वर्षी कोणत्या कायद्यातून आलं, निर्णय आता कोण घेते, तोटा झाला तर कोण भरते, आणि शेवटी त्या वाक्यात खरं किती. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका, विरोधी बाजूचं बळकट म्हणणं तुमच्या शब्दात लिहिता आलं नाही तर तुम्ही फक्त वाक्यं जमवलीत.

दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग जाहिरात देऊन हरकती मागवते, त्यात तारीख असते, सुनावणी असते, सामान्य ग्राहकाला लेखी हरकत देता येते, वकील लागत नाही. बिलाची झेरॉक्स जोडा आणि पानभर लिहा. तिथं ‘सरकार चोर आहे’ लिहून उपयोग नाही, ‘वहन आकार अमुक इतका का वाढला, हिशेब दाखवा’ असं लिहा, त्याला उत्तर द्यावं लागते. आणि त्या उत्तराची एक प्रत काकांनाही पाठवा, ते चौतीस वर्ष आत होते, त्यातली मेख तेच सांगतील.